आठ महिने

खिडकीतल्या क्लार्कनं पावतीच्या पाठीवर रेघ ओढली.
"पीयूसी आर्ट्स? मग बी.एस्सी. नर्सिंगला थेट जमत नाही, बाई.
आधी जीएनएम, तीन वर्षं.
मग पोस्ट बेसिक, दोन.
तेव्हा डिग्री."
म्हणजे खानापूरहून बेळगावला जायचं, पण नंदगडवरून.
मी म्हटलं, चालेल की, बस आहे ना?
तो हसला नाही. मागची रांग हसली.

वयाची अट पस्तीस.
कागदावर मी चौतीस वर्षं सात महिने.
त्यानं बोटांच्या पेरांवर दोनदा मोजलं,
आधी कन्नडात, मग माझ्यासाठी मराठीत.
दोन्ही भाषांत मी पाच महिन्यांनी वाचले.

एक जून ही तारीख गुरुजींची.
आई सांगते, तू गुऱ्हाळात झालीस,
काहील उतरवायची घाई होती
आणि सुईण चिपाडांवर बसून वाट बघत होती.
म्हणजे पौष असणार.
पण पटावर पोरं कमी पडत होती,
गुरुजींनी मला मागचा जून दिला,
आठ महिने आधी जन्माला घातलं
आणि पहिलीत बसवलं.
हे मी त्या खिडकीत बोलले नाही.

फॉर्म कन्नडात. प्रज्वल आठवीत आहे, त्यानं वाचून दाखवला.
मातृभाषा त्यानं न विचारता भरली.
येत असलेल्या इतर भाषांना इंचभर जागा,
तिथं कन्नड लिहिलं, कोंकणी मावली नाही.
म्हापशाहून नवऱ्याचा फोन. "फी किती?"
बराच वेळ मागं हॉटेलातल्या ताटांचा आवाज.
मग, "कर की. मी नको म्हटलंय होय?"

अकरा वर्षं याच दवाखान्यात आया होते मी.
गोकाकची म्हातारी म्हणायची नोवू,
जांबोटीची म्हणायची दुखतंय गं,
मी दोन्ही डॉक्टरला सांगायची, तो लिहायचा पेन.
जखम बिघडणार असली की मला आधी वास यायचा.
सांगायला गेले की सिस्टर म्हणायची,
मलप्रभा, तू फरशी पूस.
मी पुसायची. वास खोटा ठरला नाही कधी,
नाव तेवढं माहीत नव्हतं त्याचं.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले
तर हुक्केरीची ऐश्वर्या उठून उभी राहिली,
तिच्या मागं सगळ्याच, अठरा-अठराच्या पोरी.
मीही मागं वळून बघितलं, कोण मॅडम आल्या म्हणून.

वहीत तीन रकाने केलेत.
डावीकडे आमचा शब्द, मध्ये ऐश्वर्याचा, उजवीकडे परीक्षेचा.
गुडघा, मोणकाल, पटेला.
खवाट्याला मधला शब्द तिलाही आठवेना,
तिनं घरी फोन लावला, तिच्या अव्वालाही सांगता येईना.
जागा तशीच कोरी आहे.
पहिल्या चाचणीत पन्नासपैकी चौदा.

आणि पहिल्या पोस्टिंगला काय मिळालं? बेडपॅन.
पोरींनी नाकाला रुमाल लावले.
कलावती, जिच्याबरोबर जिन्याखाली भाकरी खाल्ली इतकी वर्षं,
ती भांडं हातातून सोडेना.
"आता तू नको गं. सिस्टर होणार तू."
मी म्हटलं, मार्क आहेत त्याला, दे इकडं.
दोघींनी ओढलं.
सांडलं थोडं.
ते मात्र तिनं मला पुसू दिलं नाही.

रात्री घरात सगळं निजल्यावर पुस्तक उघडते.
डोळे मिटायला लागले की
त्या आठ महिन्यांतला एक तास काढते,
कुणाच्याच हिशेबात नसलेला,
माझ्या पौषातला.
पटेला.
पटेला म्हणताना हात आपोआप गुडघ्यावर जातो,
फरशी पुसून पुसून तिथं घट्टा पडलाय.
त्याला काय म्हणतात, ते पुढच्या धड्यात असेल.